देवमासा काढायला शिकताना: बडोद्यातल्या विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बडोद्यात प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चित्रकलेचे रीतसर शिक्षण झालेले नाही पण हात चांगला आहे, आणि देवमासे, डॉल्फिन, समुद्रगाय अशा समुद्री सस्तन प्राण्यांची शास्त्रीय चित्रे काढायला शिकायचे आहे. समुद्र इथून दूर आहे, शिकवणारे कोणी ठाऊक नाही, आणि हाताने काढावे की टॅबवर, परदेशी जावे लागेल का, सुरुवात कोणत्या प्राण्यापासून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली अठ्ठावीस वर्षे हेच काम करतो आणि त्यातली बहुतेक वर्षे याच शहरात राहून केली आहेत. त्यामुळे समुद्राच्या अंतराची काळजी तुम्ही आधी मनातून काढावी, असे मला वाटते.

समुद्र दूर असला तरी देवमासा दूर नाही. सयाजीबागेतल्या आपल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या प्राण्याचा तो सांगाडा सुमारे २२ मीटर लांब आहे. बडोद्याच्या मराठी घरांत वाढलेल्या प्रत्येक मुलाने तो शाळेच्या सहलीत किंवा पाहुण्यांना ‘कमाटी बाग’, म्हणजे हीच सयाजीबाग, दाखवताना पाहिलेला असतो, ‘केवढा हा!’ म्हटलेले असते आणि पुढच्या दालनात गेलेले असते. पूर्ण वाढलेला निळा देवमासा ३० मीटरच्या आसपास पोहोचतो. म्हणजे हा अजून वाढीच्या वयातला असावा. जगात फार थोड्या शहरांतल्या विद्यार्थ्याला बसने जाऊन निळ्या देवमाशाच्या हाडांसमोर बसता येते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला सांगाडा २५ मीटरचा आहे. १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ अडकलेल्या प्राण्याचा तो सांगाडा २०१७ पासून मुख्य दालनात टांगलेला आहे, आणि तो पाहायला लोक देशोदेशींहून जातात. परदेशी जाण्याचा विचार पुढे कधीतरी करा. पहिली दोन वर्षे तुम्हाला त्याची गरज नाही.

संग्रहालयाच्या कार्यालयात विद्यार्थी म्हणून रीतसर अर्ज द्या, बसून रेखाटन करण्याची परवानगी घ्या, आणि पहिल्या दिवशी संपूर्ण सांगाडा काढण्याचा मोह टाळा. फक्त वल्ह्यासारखा दिसणारा पुढचा अवयव घ्या. बाहेरून ज्याला आपण पर समजतो त्याच्या आत दंडाचे आखूड, जाड हाड आहे, त्यापुढे हाताची दोन हाडे, मग मनगटाचे तुकडे, आणि पुढे चार बोटांच्या पेरांच्या लांब रांगा. आपल्या बोटाला तीन पेरे असतात. देवमाशाच्या मधल्या बोटांना त्याहून कितीतरी जास्त असतात. ही हाडे काढताना तुमच्या लक्षात येईल की कोपर आहे पण वाकत नाही, आणि त्यामुळे जिवंत प्राण्याचे वल्हे काढताना त्याला मधोमध बाक देणे चुकीचे आहे. ते वळते ते खांद्यापासून. एवढी एक गोष्ट हाताने काढून कळली की पुढे आयुष्यभर चुकत नाही. माझ्याकडे आलेल्या मुलांच्या चित्रांत, हंपबॅक देवमाशाचे लांबच लांब वल्हे मधेच कोपरातून दुमडलेले मी इतक्या वेळा पाहिले आहे, की आता नव्या विद्यार्थ्याला मी आधी या हाडांसमोरच बसवतो.

त्यानंतर खालचा जबडा. बलीनवाल्या, म्हणजे दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या, देवमाशांच्या खालच्या जबड्याची दोन हाडे बाहेरच्या बाजूला कमानीसारखी फुगलेली असतात आणि पुढे टोकाशी एकमेकांना घट्ट जोडलेली नसतात. तोंड उघडताना गळा पिशवीसारखा का पसरतो, त्याचे एक कारण इथेच दिसते. मग बरगड्या, खांद्याचे पंख्यासारखे पाते, शेपटीच्या मणक्यांखाली लोंबणारी लहान हाडे. प्रत्येक वेळी एकच भाग, तीन बाजूंनी, आणि कागदाच्या कडेला मोजमापे. हे तीन-चार महिने चालेल. कंटाळा येईल, पण हा काळ कमी करू नका.

सांगाड्यासमोर बसताना एक सावधपणा ठेवावा लागतो. सांगाडा उभा करतात तो माणसे. मणक्यांमधल्या कूर्चेच्या चकत्या गळून गेलेल्या असतात, त्यांच्या जागी किती अंतर ठेवायचे हे उभारणाऱ्याने ठरवलेले असते. बरगड्या किती पसरवायच्या, पाठीला किती बाक द्यायचा, हेही त्यानेच ठरवलेले असते. बलीनवाल्या देवमाशांत बहुतेक बरगड्या छातीच्या हाडाला जोडलेल्या नसतात, त्यामुळे त्यांची जागा सांगाड्यावरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणून एकेका हाडाचा आकार संग्रहालयातून घ्यावा, पण संपूर्ण प्राण्याची ठेवण तिथून जशीच्या तशी उचलू नये.

आणि ज्या भागांत हाडच नाही त्यांचे काय? पाठीवरच्या पराला हाड नसते. शेपटीच्या दोन आडव्या पंखांना हाड नसते. मणके फक्त मधल्या खाचेपर्यंत येतात. डॉल्फिनच्या कपाळावरचा जो फुगवटा आपल्याला त्याचा चेहरा वाटतो, तो चरबीचा असतो आणि त्याच्याखालची कवटी उलट खोलगट असते. डॉल्फिनची कवटी पाहून कोणी चेहरा बेतला तर वेगळाच प्राणी तयार होईल. शिवाय पाठीचा कणा शरीराच्या बरोबर मध्यातून जात नाही, आणि पोटाकडची जाडी हाडांवरून कळत नाही. म्हणून या कामात तीन पुरावे शेजारी ठेवून काम करावे लागते: हाडे, ताज्या प्राण्यावर घेतलेली मोजमापे, आणि जिवंत प्राण्याची छायाचित्रे. यातला एक जरी गळला तरी चित्र लंगडे होते. मी या कामातून जे काही शिकलो ते हेच, की कागदावरच्या प्रत्येक रेषेला ‘तू कुठून आलीस?’ असे विचारले तर तिच्याजवळ उत्तर असायला हवे.

मोजमापांकडे येऊ, कारण नवशिक्यांना सर्वांत रुक्ष वाटणारा भाग हाच, आणि माझ्या मते सगळे चित्र उभे असते ते यावरच. किनाऱ्यावर प्राणी सापडला की संशोधक ठरावीक पद्धतीने अंतरे मोजतात: वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत एकूण लांबी, तिथपासून डोळ्यापर्यंत, श्वासरंध्रापर्यंत, वल्ह्याच्या मुळापर्यंत, पाठीवरच्या पराच्या टोकापर्यंत, बेंबीपर्यंत, जननछिद्रापर्यंत, गुदद्वारापर्यंत. ही अंतरे शरीराच्या अक्षाला समांतर, सरळ रेषेत मोजतात. टेप अंगाच्या गोलाईवरून फिरवत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हे वरदान आहे, कारण बाजूने दिसणाऱ्या आकृतीवर ती अंतरे जशीच्या तशी मांडता येतात. समजा डॉल्फिन २.४ मीटरचा आहे. कागदावर ४० सेंटीमीटरची आडवी रेषा काढा. प्रमाण एकास सहा झाले. आता प्रत्येक अंतराला सहाने भागून त्या रेषेवर खुणा करा, प्रत्येक खुणेतून उभी रेषा काढा, आणि मगच बाह्यरेषेला हात घाला. प्राणी त्या उभ्या रेषांच्या जाळीतून आपसूक बाहेर येऊ लागतो. ज्या जातीची अनेक प्राण्यांवरची मोजमापे मिळतील तिथे ती एकूण लांबीच्या टक्केवारीत मांडावीत, म्हणजे लहानमोठ्या प्राण्यांची तुलना करता येते.

हा हिशेब किती उपयोगी पडतो ते आपल्याच देवमाशावर पाहा. २२ मीटरचा प्राणी एकास पन्नास प्रमाणात ४४ सेंटीमीटरचा होतो. त्याच्या डोळ्याचा गोळा साधारण १५ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे कागदावर ३ मिलिमीटर, आणि पापण्यांतून दिसणारा भाग त्याहून कमी. पाठीवरचा पर सुमारे ३० सेंटीमीटर उंच धरला तर ६ मिलिमीटर, आणि तोही शरीराच्या मागच्या चौथ्या भागात. डोके मात्र जवळजवळ एक चतुर्थांश लांबीचे. आता मोजमाप न करता, आठवणीतून एक निळा देवमासा काढून पाहा: डोळा मोठा आणि फार वर आलेला असेल, पर पाठीच्या मधोमध असेल, आणि डोके आखूड. आपल्या मनातला देवमासा खेळण्यांतून आणि बालपुस्तकांतून आलेला असतो. मोजपट्टी हातात घेतल्याशिवाय तो जात नाही.

छायाचित्रांवर मात्र मोजपट्टी लावताना जपावे. रुंद कोनाच्या भिंगाने जवळून काढलेल्या छायाचित्रात तोंड अवाढव्य आणि शेपटी चिमुकली दिसते. पाण्याखाली सपाट काचेतून पाहिलेली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, आणि जरा खोल गेले की लाल रंग उरतच नाही, म्हणून पाण्याखालच्या छायाचित्रावरून अंगाचा रंग ठरवू नये. दूरवरून लांब भिंगाने, प्राण्याच्या बरोबर बाजूने काढलेले छायाचित्र सर्वांत विश्वासाचे. वरून ड्रोनने घेतलेली छायाचित्रे शरीराची रुंदी कळण्यासाठी फार चांगली असतात.

मृत प्राणी तर याहून फसवा. या विषयाचा इतिहासच फसलेल्या डोळ्यांचा आहे, आणि त्याची एक कथा आपल्या गुजरातेतून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगिजांना भेट दिलेला गेंडा १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही. कोणीतरी पाठवलेल्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले आणि मानेमागे एक जादा शिंग उगवले. ते चित्र इतके देखणे होते की पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपभर गेंडा म्हणून त्याचीच नक्कल होत राहिली. याच ड्यूररला १५२० च्या हिवाळ्यात बातमी लागली की नेदरलँड्समधल्या झीलंडच्या किनाऱ्यावर देवमासा लागला आहे. तो थंडीवाऱ्यात मुद्दाम तिथवर गेला. पण तोवर पाण्याने देवमासा परत ओढून नेला होता. गेंड्याच्या बाबतीत घडलेली चूक देवमाशाच्या बाबतीत करायची नाही म्हणून तो गेला असेल का, हे सांगता येत नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी केलेली त्याची ती धडपड मला फार जवळची वाटते.

किनाऱ्यावर जाऊन मृत प्राणी पाहणारेही फसले. मेल्यावर शरीरात वायू साचतो आणि बलीनवाल्या देवमाशांचा गळा फुग्यासारखा फुगतो. कित्येक जुन्या चित्रांत या देवमाशांचे गळे असेच फुगीर आहेत; वास्तविक पोहणारा निळा देवमासा लांब, सडपातळ आणि निमुळता असतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये निळ्या देवमाशाची ९४ फुटी प्रतिकृती टांगलेली आहे. ती १९६९ मध्ये बसवली, आणि तिचा आधार होता १९२५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ मिळालेल्या एका मृत मादीची छायाचित्रे. त्यामुळे प्रतिकृतीचे डोळे बटबटीत बाहेर आलेले झाले. २००३ मध्ये तिची डागडुजी झाली तेव्हा डोळे सुधारले आणि आधी राहून गेलेली बेंबीही कोरली. मोठमोठ्या तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेल्या कामात हे घडते.

माझे पहिले छापील डॉल्फिन असेच फसलेले होते. खंभातच्या आखाताच्या चिखलात ओहोटीला राहिलेल्या एका हंपबॅक डॉल्फिनची छायाचित्रे माझ्या हाती आली. या जातीच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो आणि त्यावर लहानसा पर. मृत प्राणी कुशीवर पडला होता, त्यामुळे उंचवटा एका बाजूला ओघळला होता आणि पर मलूल पडला होता. डॉल्फिनची कातडी मेल्यावर काही तासांत काळवंडते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी ओघळलेली पाठ, पडलेला पर आणि काळा रंग, सगळे अगदी निगुतीने काढले. चित्र सुंदर झाले होते, आणि एका संशोधक बाईंनी ते पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत पाठवले. समासात त्यांनी एकच वाक्य लिहिले होते, ‘हा प्राणी कसा मेला ते दिसते, कसा जगतो ते दिसत नाही.’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आता अशा एका गोष्टीकडे येतो जी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीला चटकन पटेल, पण चित्रकला शिकून आलेल्यांना समजावून सांगावी लागते. आपण शिकलेलो असतो की प्राणी डावी-उजवीकडे सारखा असतो, म्हणून कवटीचा अर्धा भाग काढायचा, ट्रेसिंग कागद उलटा करायचा आणि दुसरा अर्धा उतरवून घ्यायचा. कुत्र्याच्या, म्हशीच्या कवटीला ही युक्ती चालते. दातवाल्या देवमाशांच्या आणि डॉल्फिनच्या कवटीला ती चालत नाही. त्यांच्या कवटीचा वरचा भाग, विशेषतः नाकपुड्यांच्या आसपासची हाडे, डावीकडे सरकलेली असतात आणि उजवी बाजू जास्त वाढलेली असते. ध्वनी निर्माण करण्याच्या अवयवांशी याचा संबंध आहे. स्पर्म देवमाशात तर एकुलते एक श्वासरंध्र डोक्याच्या पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला असते. म्हणून अशा कवटीचे वरून दिसणारे चित्र दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजूनच काढावे लागते. ट्रेसिंगची घडी घालून काढलेली डॉल्फिनची कवटी लांबूनही ओळखू येते, कारण ती अस्तित्वातच नसते.

हीच गोष्ट रंगाची. फिन देवमाशाचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो. मार्गदर्शक पुस्तकांत बहुतेक प्राणी डावीकडे तोंड करून काढण्याची प्रथा आहे. म्हणजे वाचकाला डावी बाजू दिसते, आणि या जातीची सर्वांत महत्त्वाची खूण नेमकी पलीकडे जाते. त्यामुळे फिन देवमाशाच्या दोन्ही बाजू काढाव्यात. मी एका भित्तिचित्रासाठी उजव्या बाजूचे चित्र दिले होते. मांडणी करणाऱ्याला मजकूर उजवीकडे हवा होता, म्हणून त्याने संगणकावर चित्र आरशासारखे उलटवले आणि ते तसेच छापले गेले. डावा जबडा पांढरा असलेला फिन देवमासा वर्षभर एका दालनात लागलेला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर आणि प्रत्येक फाइलच्या नावात ‘उजवी बाजू, उलटवू नये’ किंवा ‘डावी बाजू, उलटवू नये’ असे मी लिहितो, आणि छपाईआधीचा नमुना पाहिल्याशिवाय संमती देत नाही. तुम्हीही पहिल्या चित्रापासून ही सवय लावून घ्या.

छायाकामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण समुद्री सस्तन प्राण्यांची खरी अडचण तिथे आहे. शास्त्रीय चित्रांत प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असे मानण्याचा संकेत आहे. त्यामुळे वरचा भाग उजळ आणि खालचा गडद दाखवून गोलाई उभी करतात. पण बहुतेक डॉल्फिनची पाठ मुळातच गडद आणि पोट फिके असते, आणि निसर्गात याचा उपयोगच मुळी हा की वरून पडणाऱ्या उजेडात गोलाई पुसली जावी आणि प्राणी सपाट, अस्पष्ट दिसावा. म्हणजे प्राण्याची कातडी जे लपवते तेच आपल्याला दाखवायचे असते. पोटावर छाया टाकली तर वाचकाला पोट करडे वाटते. न टाकावी तर प्राणी कापलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो. माझी पद्धत अशी: आधी वेगळ्या ट्रेसिंग कागदावर फक्त रंगांच्या सीमा काढायच्या, कुठलीही छाया न करता. दुसऱ्या कागदावर तोच प्राणी पांढऱ्या मातीचा आहे असे समजून फक्त गोलाईची छाया करायची. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून ठरवायचे की कुठे कोण माघार घेईल. पोटाकडे गोलाईची छाया अगदी थोडी, कडेपासून जरा आत ठेवायची आणि शेवटची कड पुन्हा उजळ सोडायची. रंगाची सीमा मात्र कुठेही पुसट होऊ द्यायची नाही, कारण जात ओळखली जाते ती तिथे.

ओल्या कातडीची चमक शिकण्यासाठी गावाबाहेरच्या तलावावर जा आणि संध्याकाळी पाण्यातून वर येणाऱ्या म्हशी पाहा. मी हे गंभीरपणे सांगतो आहे. देवमाशांचे पूर्वज खूर असलेले प्राणी होते हे तुम्ही अभ्यासात शिकलाच असाल, पण इथे मुद्दा नात्याचा नाही, कातडीचा आहे. म्हैस पाण्यात असताना पाठीवर आकाशाचा एक लांब, मऊ कडांचा पट्टा दिसतो. ती बाहेर येताच पाणी ओघळते, पट्टा तुटतो आणि फऱ्याच्या, बरगड्यांच्या, माकडहाडाच्या उंचवट्यांवर लहान लहान चमका उरतात. दहा मिनिटांत कातडी सुकते आणि तोच करडा रंग दोन छटांनी फिका होतो. पाण्याबाहेर उसळलेल्या डॉल्फिनच्या अंगावर हेच घडते, फक्त क्षणभरात. म्हशीने ते सावकाश दाखवले की डॉल्फिनच्या छायाचित्रात नेमके काय पाहायचे ते कळते: कुठली पांढरी खूण चमक आहे आणि कुठली कातडीचा रंग. नवशिक्यांच्या चित्रात चमकेला रंग समजण्याची चूक फार होते, आणि मग प्राण्याच्या अंगावर कुठल्याही जातीत नसलेले पांढरे डाग उमटतात.

हाताने की टॅबवर, याचे माझे उत्तर: शिकताना हाताने, काम देताना दोन्हींपैकी जे कामाला योग्य ते. टॅबवर चूक पुसायला काही लागत नाही, म्हणून आपण विचार न करता रेषा टाकतो. शाईची रेषा मागे घेता येत नाही, म्हणून ती टाकण्याआधी माहिती गोळा करावी लागते, आणि तुम्हाला आत्ता त्याच सवयीची गरज आहे. साहित्य साधे पुरते: एच आणि २ एचच्या पेन्सिली, गुळगुळीत पृष्ठाचा जाड कागद, ट्रेसिंग कागद, ०.१ ते ०.५ मिलिमीटरची तांत्रिक पेने, कंपास आणि चांगली मोजपट्टी. टिपक्यांनी छाया देताना पेन उभे धरा, टिपका ठेवा आणि उचला. घाई झाली की टिपक्याला शेपूट फुटते. टिपके रांगेत पडू लागले की थांबा, कारण त्या रांगा छापल्यावर पट्ट्यांसारख्या दिसतात. चित्र छपाईच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढतात, म्हणजे लहान करताना बारीक चुका मिटतात. पण ०.१ मिलिमीटरची रेषा निम्मी झाली की ती छपाईत तुटू शकते, हे आधीच धरून पेन निवडावे लागते. चित्र लहानमोठे होणारच असते, म्हणून खाली ‘पन्नासपट लहान’ असे लिहू नये. चित्रातच मापरेषा काढावी, म्हणजे चित्राबरोबर तीही लहान होते आणि खरी राहते. स्कॅन करताना शुद्ध रेषाचित्र १२०० डीपीआयला घ्या. रंगकामासाठी पुढे जलरंग, गॉश (अपारदर्शक जलरंग) किंवा टॅब, जे मानवेल ते. त्यावर माझा आग्रह नाही.

समुद्रावर मात्र जा, वर्षातून एकदा तरी. महीच्या मुखाशी, कावी-कंबोईच्या बाजूला, बडोद्याहून दिवसभरात जाऊन येता येते. पाणी गढूळ आहे आणि तिथे डॉल्फिन दिसण्याची आशा धरू नका, पण खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी पाहिली की किनाऱ्याला लागलेला प्राणी काही तासांत कसा नाहीसा होतो ते समजते. जिवंत डॉल्फिन पाहायचे तर हिवाळ्यात कोकण गाठा. दापोली-हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर हंपबॅक डॉल्फिन काठाच्या जवळ येतात. दुर्बीण आणि वही न्या, कॅमेरा शेवटी काढा. पाठ वर येते, पर दिसतो, पाठ वळते आणि संपते. एवढ्या वेळात पाच-सहा रेषांत जे उतरेल तेच उतरवा. अशी शंभर रेखाटने झाली की पाठीचा तो उंचवटा जिवंतपणी कसा ताठ असतो ते हाताला कळते. मला ते माझ्या चुकीनंतर कळले, तुम्हाला आधी कळावे.

एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये आपल्या समुद्रातले देवमासे, डॉल्फिन आणि समुद्रगाय यांना सर्वोच्च संरक्षण आहे. किनाऱ्यावर मृत प्राणी दिसला तर वन विभागाला कळवा, संशोधकांसोबत परवानगीने असाल तरच मोजमाप घ्या, हात लावताना हातमोजे घाला कारण या प्राण्यांचे काही रोग माणसाला होऊ शकतात, आणि एखादा दातही आठवण म्हणून घरी आणू नका. गुजरातेत किनाऱ्यावर जिच्या रक्षणाची मोठी मोहीम झाली ती ‘व्हाली’, म्हणजे व्हेल शार्क, ही मात्र मासा आहे. तिची शेपटी उभी असते, देवमाशाची आडवी. अशा मोहिमांसाठी चित्रे मागायला लोक येतात तेव्हा दोन्हींची गल्लत झालेली असते, म्हणून काम घेतानाच नीट विचारून घ्यावे.

कामाचे म्हणाल तर शोधनिबंध, ओळख-पुस्तिका, संग्रहालयांचे फलक आणि वन विभागाची माहितीपत्रके यांतून ते मिळते. सुरुवातीला थोडे आणि अनियमित. त्या जोडीला दुसरे उत्पन्न हवे. तुम्ही प्राणिशास्त्र सोडू नका असे मी आग्रहाने सांगेन, कारण चित्रकाराला प्राणी शिकवण्यापेक्षा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला चित्र शिकवणे मला नेहमी सोपे गेले आहे. प्रत्येक चित्र पेन्सिलीच्या टप्प्यावर त्या जातीवर काम करणाऱ्या संशोधकाला दाखवा. शाई झाल्यावर दाखवले तर तो संकोचाने चुका सांगत नाही. मूळ चित्र स्वतःकडे ठेवा आणि वापराची परवानगी लेखी द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, पहिला प्राणी कोणता. निळा देवमासा नव्हे. त्याच्या हाडांवर हात बसवा, पण पूर्ण प्राणी म्हणून आपल्या किनाऱ्याचा हंपबॅक डॉल्फिन घ्या, कारण तो तुम्ही स्वतः जिवंत पाहू शकता आणि त्याची मोजमापे शोधनिबंधांत मिळतात. आपल्याच किनाऱ्यावरचा फिनलेस पॉरपॉइज दिसायला सोपा वाटतो, पण त्याला पाठीवर परच नाही, डोके गोल आणि रंग एकसारखा. धरायला खूणच नसल्याने तो सर्वांत कठीण आहे, तो तिसऱ्या वर्षी. हंपबॅक डॉल्फिनची तीन चित्रे करा: डावी बाजू, वरून आणि पोटाकडून. पोटाकडच्या चित्रात नर की मादी हे ठरवावेच लागते, कारण मादीत जननछिद्राच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या चिरा असतात आणि गुदद्वार जवळ असते, तर नरात मधले अंतर जास्त असते. बहुतेक चित्रकार हा भाग धूसर ठेवून सुटका करून घेतात. जिथे तुमच्याजवळ हाड, मोजमाप किंवा छायाचित्र यांतला कोणताही पुरावा नसेल तिथे अखंड रेषा काढू नका, तुटक रेषा काढा आणि समासात पेन्सिलीने कारण लिहा. ती तिन्ही पाने तुटक रेषांसकट घेऊन या. आपण सयाजीबागेतच, देवमाशाच्या जबड्याजवळ बसून ती पाहू.